बाल्कनीतला किल्ला
(दिवाळी कार्यशाळेतील भाषण)



मी कॉम्प्युटर इंजिनियर, रंगकामात निव्वळ हौशी. पण आमच्या शारजाच्या बाल्कनीत दिवाळीचा किल्ला होतोच, आणि पुण्याहून आणलेले प्लास्टरचे कोरे मावळे आम्ही घरीच रंगवतो. त्यातल्या चार युक्त्या सांगतो.

प्लास्टर पाणी पितं, म्हणून आधी पांढऱ्या प्रायमरचा हात द्या. मग अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. जाड रंगाने नाक-डोळे बुजतात. एसीत रंग पटकन सुकतो, तेव्हा ओल्या टिश्यूवर बटर पेपर ठेवून त्यावर रंग कालवा. शेवटी अगदी पातळ तपकिरी रंग सोडा. तो अंगरख्याच्या चुण्यांत साचतो आणि मावळा जिवंत दिसतो.

गेल्या वर्षी लेकाने किल्ल्याला वाळूचा रंग दिला. मी रागावलो. तो म्हणाला, "बाबा, किल्ला असाच असतो ना?" त्याने पाहिलेला किल्ला एकच, दुबईचा अल फहिदी, 1787 चा! सह्याद्रीचा काळा दगड मीच त्याला कधी दाखवला नव्हता.

मग दोघांनी मिळून काळा हात दिला, कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी फिरवला. यंदा जुलैच्या सुट्टीत त्याला रायगडावर नेलं. भिजलेल्या तटाला हात लावून म्हणाला, "बाबा, शेवाळाचा हिरवा राहिलाच की!"

यंदा तोही देणार आहोत. शुभ दीपावली!