एकादशी आणि रोजा



पहलगाम म्हटलं की आता 2025 चा एप्रिल आठवतो. तिथल्या दहशतवादी हल्ल्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा माणसं गेली, आणि पर्यटकांना वाचवायला धावलेला तिथला एक घोडेवालाही गेला. मी सांगतोय ती गोष्ट त्याआधीची, 2014 सालच्या, पहलगामवरूनच जाणाऱ्या अमरनाथ यात्रेतली. घोडेवाल्याचीच.

यात्रेच्या वाटेवरच्या शेषनागहून निघालो तो दिवस आषाढी एकादशीचा. रमजानही तेव्हाच चालू. माझा उपास, माझ्या घोडेवाल्याचा रोजा. आपला उपास कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी! माझ्या खिशात चिक्की होती, राजगिऱ्याचे लाडू होते. तो पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेता महागुणसची 14 हजार फुटांवरची खिंड पायी चढत होता, आणि मी घोड्यावर. माझी बाटली त्याच्याच झोळीत. थोड्या थोड्या वेळाने काढून द्यायचा, ‘बाबूजी, पानी पियो, ऊपर हवा कम है.’ प्रवासात रोजा न धरण्याची मुभा असते ना, असं विचारलं तर हसला. ‘ये सफर कहां, ये तो हमारा काम है.’

वाटेत त्याने बुटा मलिकची गोष्ट सांगितली. या मेंढपाळाला एका साधूने कोळशाची पिशवी दिली, घरी पाहतो तर सोनं. आभार मानायला परतला तर साधू नाही. तिथे अमरनाथची गुहा, आणि आत बर्फाचं शिवलिंग. ही झाली दंतकथा. अमरेश्वराच्या, म्हणजे अमरनाथाच्याच, यात्रेचा उल्लेख तर बाराव्या शतकातल्या ‘राजतरंगिणी’तही आहे. पण 2000 साली अमरनाथ श्राइन बोर्डाचा कायदा होईपर्यंत बुटा मलिकच्या घराण्याला गुहेतल्या दानाचा वाटा मिळत होता, हे मात्र खरं.

मी म्हटलं, ‘तू तर शंकराला मानत नाहीस, मग एवढ्या प्रेमाने कसं सांगतोस?’

‘आप मानते हैं ना.’

मी घरी रोज पूजा करतो. शेजारच्याच्या देवाकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

पंचतरणीच्या मुक्कामी सूर्य मावळला. तिथल्या गार पाण्याने हातपाय धुऊन तो आला, रुमालाची गाठ सोडली. आत खजूर होते. पहिला तोंडात घालण्याआधी एक माझ्यापुढे धरून म्हणाला, ‘आपके व्रत में चलता है ना?’

चालतो, म्हटलं.