आहेराची साडी आणि कोशाचा धागा



कापड गिरणीत विणलं जातं आणि दुकानात विकलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या भागात मात्र थोडं कापड झाडावरही पिकतं. आरमोरीकडच्या जंगलात पावसाला सुरुवात झाली की ढिवर समाजाची कुटुंबं ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडतात. अळी महिना-सव्वा महिना पानं खाते, चार वेळा कात टाकते आणि मग स्वतःभोवती कोश विणते. तोवर राखण करणारा माणूस झाडाखालून हलत नाही. पाखरं टपलेली असतात, मुंग्या चढतात, गांधीलमाश्या येतात. हातात गुलेल, डोक्यावर पाऊस, आणि नजर वर पानांत. तुतीचं रेशीम घरात, छपराखाली वाढतं. आपला टसर, म्हणजेच कोसा, उघड्या रानात वाढतो आणि त्यातला बराच वाटा रानच खाऊन टाकतं.

उरलेले कोश टणक असतात. ते सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करायचे, पाच-सात कोशांची टोकं एकत्र धरायची आणि धागा ओढायचा. पूर्वी बाया तो उघड्या मांडीवर वळायच्या. मांडी सोलवटून निघायची. आता यंत्रं आली आहेत, आली ते बरंच झालं. मांडीवरच्या सुताचं कौतुक करणाऱ्यांनी एक दिवस ते वळून पाहावं. या धाग्याला मधासारखा मूळ रंग असतो, आणि माझ्या मते तो न रंगवलेलाच सगळ्यात देखणा दिसतो. तोच धागा पुढे भंडारा-नागपूरकडच्या मागांवर करवतकाठी साडी होतो. अंग टसरचं, काठ सुती, आणि काठाला करवतीसारखे दाते. अंगाचा धोटा वेगळा, दोन्ही काठांचे दोन वेगळे, असे तीन धोटे विणकर फिरवतो आणि प्रत्येक फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून घेतो. छापील काठात हे होत नाही. त्यात काठ फक्त दिसतो, अंगाला धरून नसतो. करवतकाठीला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

एवढं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, आता हा गृहस्थ सगळ्यांना कोसा घ्या म्हणून सांगणार. नाही. ज्या बाईला आषाढात दिवसभर बांधीत वाकून धानाची रोवणी करायची आहे, तिनं सिंथेटिक साडीच नेसावी. चिखल धुतला की निघतो, रात्री दोरीवर टाकली की सकाळी वाळते. सुती लुगडं त्या दिवसांत चार दिवस ओलं राहतं. आठवडी बाजारातून तिनं पारखून घेतलेली ती साडी तिच्या कामाला उत्तम आहे, आणि शहरातून येऊन तिला सुताचं महत्त्व सांगणाऱ्यांनी आधी गुडघाभर चिखलात उतरावं.

मग हलक्या प्रतीचं कापड खरं कुठं शिरतं आपल्या घरात? आहेरात.

लग्न ठरलं की यादी होते. इतक्या मानाच्या साड्या, इतक्या देण्याघेण्याच्या, इतके ब्लाउजपीस, इतके शर्टपीस. दुकानदारही सरळ विचारतो, ‘नेसायची दाखवू की द्यायची?’ या प्रश्नाला कुणी रागावत नाही, हे विशेष. द्यायची साडी कुणी नेसायची नसतेच. ती एका लोखंडी पेटीतून दुसऱ्या पेटीत जाते, तिथून तिसऱ्या मांडवात. कधीकधी चार वर्षांनी मूळ घरी परत येते, आणि त्या घरची सून तिला ओळखते! एवढा प्रवास करूनही घडी मोडलेली नसते. या साड्यांवर आपल्या गावांतून किती पैसा जातो याचा हिशेब कुणी मांडत नाही, कारण तो मांडणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान.

स्वस्त-महागाचा नेहमीचा हिशेब सोपा आहे. समजा तीनशेचा शर्ट वीस धुण्यांत विटला, तर एका धुण्याला पंधरा रुपये पडले. बाराशेचा दीडशे धुणी टिकला, तर आठ. कागदावर हे बिनतोड दिसतं. पण ज्याच्या खिशात त्या दिवशी चारशेच आहेत, त्यानं काय करावं? तो तीनशेचाच घेणार, आणि त्यात त्याचा वेडेपणा काही नाही. म्हणून मला वाटतं, प्रश्न पैसा कधी हातात येतो याचा आहे. आपल्याकडे तो दोनदा येतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा, आणि दिवाळीनंतर धान विकल्यावर. दोन्ही वेळा पुढं लग्नसराई किंवा मंडईची जत्रा आणि झाडीपट्टीची नाटकं उभी असतात. त्याच आठवड्यात द्यायच्या सहा साड्यांऐवजी नेसायची एक घेता येते. सहा जणींना मोकळेपणानं सांगितलं तर त्यांतल्या चार जणी तरी सुटकेचा श्वास सोडतील, कारण त्यांनाही परत द्यायच्याच असतात.

आता पोशाखाच्या ऐटीबद्दल. आपल्या भागातला सगळ्यांत ओळखीचा पोशाख कोणता? माझ्या मते हेमलकशाच्या डॉक्टर प्रकाश आमट्यांचा. पांढरी बंडी आणि पांढरी अर्धी चड्डी. १९७३ साली तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आसपासच्या माडिया माणसांच्या अंगावर पुरतं वस्त्र नव्हतं. त्यांच्यात राहायचं तर आपणही कमीत कमी कपड्यात राहावं, असं त्यांनी ठरवलं. पुढे २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभर बोलावणी आली, वेष तोच राहिला. महागडं त्यात काही नाही. पण फोटोत नुसत्या खांद्यावरून माणूस ओळखू येतो. आरशापुढं तास घालवणाऱ्या किती जणांना हे साधतं?

तसंच काहीसं आपल्याकडच्या सावली गावाच्या खादीचं. १९३६ साली गांधी सेवा संघाची बैठक तिथं भरली, गांधीजी स्वतः आले होते. सावली खादीचं केंद्र होती. तिथल्या जाड्याभरड्या खादीला तेव्हा नाकं मुरडणारे होतेच. आज तशीच खादी शहरातल्या काचेच्या दुकानात टांगलेली दिसते आणि तिची किंमत वाचायला चष्मा दोनदा पुसावा लागतो.

दुकानात गेल्यावर काय पाहावं, एवढं सांगतो. तयार कपडा घेताना तो आधी उलटा करा. सुलट बाजू दुकानदार दाखवतोच. टीप बारीक आणि सरळ आहे का, शिवणीत थोडं कापड राखलंय का, ते पाहा. पोट सुटलं किंवा मूल वाढलं की तेच कापड कामी येतं. चौकड्याचा शर्ट असेल तर खिशावरच्या रेघा अंगावरच्या रेघांशी जुळतात का? जुळत असतील तर शिवणाऱ्यानं कापड वाचवण्यापेक्षा कामाकडे लक्ष दिलंय. काजाचे दोरे लोंबत असतील तर बाकीचं विचारू नका. कापड उजेडाकडे धरा, वीण एकसारखी दिसली पाहिजे. नव्या कापडात खळ भरलेली असते, ती हाताला फसवते. कोपरा दोन बोटांत चुरगाळून पाहा, पांढरी भुकटी झडली तर धुतल्यावर त्या कापडाचं पोतेरं होणार.

कोसा म्हणून विकायला आलेलं कापड पाहताना सिल्क मार्कची चिठ्ठी मागा. चिठ्ठी नसेल तर पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि काडीवर जाळा. खरं रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरली जाते. पॉलिस्टर असेल तर वितळून काळी कडक गाठ होते. धागा द्यायला दुकानदार कुरकुरला, तर उत्तर मिळालंच.

आणि घेतलीत एखादी करवतकाठी, तर पेटीत वर्षभर एकाच घडीवर ठेवू नका. रेशीम घडीवरच आधी फाटतं. दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढा, सावलीत वारा द्या, घडी बदला. लाल काठ असेल तर धुण्याआधी त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहा. रुमाल लाल झाला, तर साडी घरी धुवू नका. तो रंग टसरात उतरला की कुठलाही साबण काढू शकत नाही.