खटका सोडला की पातं थांबलं पाहिजे

आज कर्जफेडीवर बोलणार नाही, घाबरू नका. विषय आहे गवत कापायचं मशीन.

परवा एका गटाच्या मशीनचा रेसचा खटका रबराने आवळून बांधलेला दिसला. का, तर बोट दुखतं! मला खरंच राग आला. खटका दाबला की केबल ओढली जाते, कार्बोरेटर उघडतो, रेस वाढते. सोडला की स्प्रिंग त्याला मागे आणते. बांधून ठेवलात, तर बांधावर पाय घसरला तरी पातं फिरतच राहणार.

म्हणून मशीन भाड्याने देण्याआधी, इंजिन बंद असताना, खटका पूर्ण दाबून सोडा. टक्कन मागे आला पाहिजे. अडखळला तर केबल कुठे मुडपलीय का, आतली तार उसवलीय का बघा. तार उसवली असेल तर तेल घालून भागवू नका, केबल नवीच घाला. केबल ताणूनही बसवायची नाही. जरासा ढिलेपणा हवा, नाहीतर रेस पूर्ण उतरत नाही.

मग पातं जमिनीपासून मोकळं धरून मशीन चालू करा. गरम झाल्यावर, खटका न दाबताही पातं फिरत असेल तर मशीन बाहेर द्यायचं नाही. बंद करायचं बटणही दाबून बघा. "मॅडम, दिवसाचं भाडं बुडेल ना," एक मावशी म्हणाल्या. बुडू दे. मेकॅनिककडे न्या.

भाड्याच्या वहीत 'खटका पाहिला' असा नवा रकाना आखलाय. सही सचिवताईंची नको, मशीन हातात देणारीची हवी.