दहाव्या दिवशी कोण उरतं?
(पावसाळ्याआधीच्या गावबैठकीत केलेले भाषण)



मृग तोंडावर आलाय. कुणाचं घर शाकारायचं राहिलंय, कुणाची राबाची कामं राहिलीत. तरी तुम्ही डोंगर उतरून आलात, म्हणून आम्ही थोडक्यात बोलतो.

संकट आलं की पहिल्या दिवशी सगळेच धावतात. दहाव्या दिवशी किती उरतात? आणि जे उरतात, ते कुणामुळे उरतात? आज एवढंच बोलायचंय.

३० जुलै २०१४ ची सकाळ आपण कुणी विसरलेलो नाही. आपल्याच आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. एसटीच्या ड्रायव्हरला रोजचं गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. मग एनडीआरएफचे जवान आले, यंत्रं आली, मंत्री आले. काही दिवसांनी गाड्या परत गेल्या. वाचलेली माणसं मात्र तिथंच होती. आमड्याला नवं माळीण उभं राहायला एप्रिल २०१७ उजाडला. संकट एका सकाळचं, पण त्यामागचं काम पावणेतीन वर्षांचं. जुलै २०२३ मध्ये रायगडात इर्शाळवाडीच्या ठाकर बांधवांवर तीच वेळ आली.

एवढं लांबणारं काम बाहेरचा माणूस शेवटपर्यंत करत नाही. ते गावातल्याच बिनपगारी माणसांनी करायचं असतं. आणि बिनपगारी माणसाला हुकूम चालत नाही.

हे आम्ही चुकून शिकलो. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही काही जणांनी वाड्यावाड्यांवर शिधा पोचवायचं काम घेतलं. पहिल्या आठवड्यात पोरांची रांग लागली. तिसऱ्या आठवड्यात बोटावर मोजण्याइतकी उरली. आम्ही म्हणालो, पोरं आळशी झाली. तेव्हा एक म्हातारी आजी तोंडावर बोलली, "तुम्ही यादी घेऊन सावलीला बसता न् पोरांना गोणी उचलायला लावता. कशाला येतील ती?"

लागलं, पण खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून गोणी आम्ही उचलली. यादी वाडीतल्या बायांच्या हातात दिली. कुणाची चूल पेटत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. किती शिधा आला, कुणाला गेला, हे रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. आम्ही शेवटी जेवायचं ठरवलं. पोरं परत यायला लागली. सगळी नाही आली, पण आली ती टिकली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, घरांवरचे पत्रे उडाले, हिरड्याचं पीक गेलं, तेव्हा हीच पोरं न बोलावता दुसऱ्यांच्या घरावर चढली.

ही रीत आपल्याला नवी नाही. आपली पडकई काय आहे? आज तुझं खाचर, उद्या माझं. मजुरी नाही. ज्याचं खाचर तोही कुदळ धरतो, काठावर छत्री घेऊन उभा राहत नाही. आम्ही हाताच्या पडकईबद्दल बोलतोय, यंत्र लावून डोंगर कापण्याबद्दल नाही.

पण एक सांगतो. सेवा म्हणजे सगळं एकट्यानं ओढणं नव्हे. जो पुढारी सगळंच स्वतः करतो, तो थकतो आणि बाकीचे बघत बसतात. दुसऱ्याला काम देणं, त्याच्यावर भरवसा ठेवणं, थकला तर त्याला घरी पाठवणं, हीही सेवाच.

आता आपल्या वनहक्क समित्यांबद्दल. कायद्यानं समितीत १० ते १५ माणसं असतात, त्यात किमान एक तृतीयांश बाया. जंगलाचा हक्क मागताना आपण म्हणतो, हे रान आमची ग्रामसभा सांभाळेल. मग पावसात वाडी कोण सांभाळणार? समितीतला माणूस संकटात दिसला नाही, तर उद्या दाव्याच्या मोजणीला, मोर्चाला गाव त्याच्यामागं कशाला येईल? खुर्ची कायद्यानं मिळते. माणसं मिळवावी लागतात.

म्हणून प्रत्येक वाडीनं मृगाआधी तीन कामं करावीत. एक, रात्री डोंगराकडं लक्ष ठेवायची पाळी लावा. पहिली पाळी समितीच्या माणसाची. जमिनीला भेग दिसली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाडं कलली, तर वाट न बघता माणसं हलवा. दोन, म्हातारी, गरोदर बाया, लेकरं कुठल्या घरात आहेत आणि त्यांना कोण उचलून नेणार, हे बायांनी बसून ठरवावं. तीन, मदत आली तर हिशेब चावडीवर वाचायचा, त्याच दिवशी.

पुढच्या बैठकीत आम्ही विचारणार, पाळी लागली का? आणि तुम्हीही आम्हाला विचारा, तुम्ही स्वतः किती रात्री जागलात?

जोहार!