आभाराचा भार



दिवाळी जवळ आली कीं घरोघरीं खर्चाची यादी होते. वाणसामान, कापडचोपड, फटाके. आणि अगदीं शेवटीं एक शब्द असतो, पोस्त. घरकाम करणारी बाई, झाडूवाला, पेपरवाला, इमारतीचा पहारेकरी यांना सणानिमित्त द्यावयाची ही रक्कम. ती किती असावी याचा घरांत बराच खल होतो; ती कशी द्यावी याचा मात्र होत नाहीं. आज मी त्याविषयीं चार शब्द बोलणार आहें.

'आभार' या आपल्या शब्दांतच भार आहे, आणि जो उपकार फेडतो तो 'उतराई झाला' असें आपण म्हणतों. जणूं त्याच्या डोक्यावरचें ओझें उतरलें. म्हणजे पोस्त देतांना ओझें असतें तें देणाऱ्याच्या डोक्यावर. वर्षभर ज्यांनीं आपलें घर व अंगण स्वच्छ राखलें, त्यांचे आपण देणेकरी आहों. असें असून पैसे देतांना आपण दात्याचा आविर्भाव आणतों आणि घेणाऱ्यास मान खालीं घालावयास लावतों. हा हिशेब उलटा आहे.

गिरण्या-कारखान्यांतील कामगारांनीं तो सरळ करून घेतला. एके काळीं दिवाळीचा बोनस ही मालकाची मर्जी समजली जाई. कामगारांनीं तो हक्क म्हणून मागितला. १९६५ सालीं बोनसाचा कायदा झाला, आणि पुढें त्याचें किमान प्रमाण ८.३३ टक्के ठरलें. म्हणजे बारा महिन्यांच्या कामास तेराव्या महिन्याचें वेतन. चार घरचीं भांडीं घासणाऱ्या बाईवर मात्र या कायद्याची सावली पडली नाहीं. तिचा तेरावा महिना आपल्या सद्बुद्धीवर अवलंबून आहे.

मी कळंबोलीस राहतों. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं या भागांतील गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या. जेथें आज आमच्या इमारती आहेत, तेथें कोणाचीं तरी भातखाचरें होतीं. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं आंदोलन केलें; १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. तेंही देणेंच होतें, आणि रक्त सांडून मागावें लागलें. बाहेरून येथें येऊन सुखानें दिवे लावणाऱ्या आम्हां कुटुंबांनीं, शेजारच्या मूळ गांवांतील घरीं फराळाचें एक ताट पाठविलें तर तें अधिक होणार नाहीं.

कसें द्यावें याचा धडा दिवाळींतच आहे. भाऊबिजेला बहीण आधीं ओवाळते आणि मग ओवाळणी घेते. घेणाऱ्याच्या हातीं प्रथम निरांजन असतें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं स्थापिलेल्या संस्थेसाठीं घरोघरीं 'भाऊबीज' जमविली जाते, ती याच भावनेनें. मुलींच्या शिक्षणासाठीं मागितलेला पैसा भीक न होतां बहिणीचा मान झाला.

तेव्हां पोस्त सणाच्या चार दिवस आधीं द्यावें, म्हणजे तिला आपल्या मुलांसाठीं खरेदी करतां येईल. जुनें पातळ हें पैशाच्या बदल्यांत देऊं नये. नांवानें हाक मारून, बसावयास सांगून, 'वर्षभर तुमच्यामुळें घर चाललें' एवढें म्हणावें. आणि तिनें आपल्या घरच्या चार करंज्या डब्यांतून आणल्या, तर 'कशाला आणल्यात?' असें न म्हणतां तिच्यादेखत एक तोंडांत घालावी. भांडें रिकामें परत करूं नये, हें आपल्या आजीनें सांगितलेलेंच आहे.

शेवटीं, घेण्याविषयीं. आम्हां शिक्षकांकडे दिवाळींत जुने विद्यार्थी येतात, पायां पडतात, 'गुरुजी, तुमच्यामुळें झालें' म्हणतात. त्यावर 'छे, मी काय केलें!' असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. विनय चांगला, परंतु तो मुलगा मनांतलें ओझें उतरवावयास दूरवरून आलेला असतो. त्याला तें उतरवूं द्यावें. 'बरें वाटलें, बाळ' म्हणून पाठीवर हात ठेवावा आणि त्याच्यापुढें फराळाची बशी सरकवावी.