गोव्याची लॅटिन मोतेत गीते

पाश्चात्त्य चर्चसंगीताचा पाया असलेले ग्रेगोरियन गान म्हणजे लॅटिन प्रार्थना वाद्यांच्या साथीविना आणि तालाच्या आवर्तनाविना सर्वांनी एकाच चालीत म्हणण्याची रीत होय. कारंजा लाडच्या गुरुमंदिरातील आरतीतही सगळे कंठ एकाच चालीवर चालत असल्याने वऱ्हाडातील श्रोत्याला ती परकी वाटू नये. नवलाई आहे ती पुढच्या टप्प्यात. पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपातील रचनाकार या जुन्या चालीचे स्वर लांबवून ती बहुधा ‘टेनर’ या पुरुषी आवाजाकडे सोपवीत आणि तिच्या वर-खाली स्वतंत्र चाली अशा गुंफीत, की प्रत्येक कंठ आपल्या वाटेने जाऊनही मेळ बिघडत नसे. हीच ‘पॉलिफोनी’ किंवा बहुस्वर गायन. कित्येकदा स्तोत्राचे एक कडवे जुन्या चालीत, तर पुढचे बहुस्वरात गायिले जाई. या गुंफणीत शब्द हरवतात, अशी धर्माधिकाऱ्यांची तक्रार होती. रचनाकार पालेस्त्रिना याने पोप मार्सेलसच्या नावाने रचलेल्या ‘मास’ने (उपासनाविधीच्या संगीताने) बहुस्वर गायन वाचवले, ही आख्यायिका गोड असली तरी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर हे संगीत तेथे पोहोचले आणि १५४५ पासून सुरू झालेल्या चर्चच्या शाळांत मुले लॅटिन प्रार्थनांबरोबर स्वरलिपीही शिकू लागली. या शाळांतील संगीतशिक्षकांच्या परंपरेतून पुढे ‘मोतेत’ ही ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात गायिली जाणारी लॅटिन गीते घडली. मोतेतमध्ये बहुधा दोन उंच आवाज ठरावीक अंतर राखून जोडीने चालतात, खालून खर्जाचा आवाज त्यांना आधार देतो आणि व्हायोलिन, क्लॅरिनेट व डबल बास साथ करतात. क्रूस वाहणाऱ्या येशूच्या मूर्तीच्या मिरवणुकीत येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका झालेली मुलगी ख्रिस्तमुखाचे चित्र असलेले वस्त्र उलगडत एकटीच गाते, तो या परंपरेतील सर्वांत हृद्य भाग म्हणावा लागेल. पालेस्त्रिनाची काटेकोर वीण येथे नाही, परंतु त्या मापाने मोतेत जोखणे अन्यायाचे ठरेल, कारण तिचा जीव शोकभावात आहे.

याच शिक्षणातून मुंबईच्या चित्रपटसंगीतालाही वादक मिळाले; मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदाचे शिक्षक असलेल्या वडिलांकडेच शिकले होते. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत कोंकणी आली, तरी मोतेत बहुतांशी लॅटिनमध्येच राहिली. ती ऐकण्यासाठी गोव्याला जाणाऱ्या रसिकाने डिसेंबरऐवजी ईस्टरपूर्वीचे आठवडे निवडावेत.