घंटा का वाजली नाही?

आज बोलायचंय विजेच्या वायरीतल्या गोंगाटाबद्दल. "हे वायरमनचं काम" म्हणून रेडिओ बंद करू नका. या गोंगाटापायी आमच्या सासूबाई अर्धा तास पाण्यासाठी ताटकळल्या होत्या.

आमचं घर जुनं, दगडी भिंतींचं. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई मागच्या खोलीत अंथरुणावर असतात. मी पुढच्या पडवीत बचत गटाचे पापड करते. त्यांची हाक काही तिथवर येत नाही. बिनतारी घंटा आणली, तर तिचा संदेश जाड भिंतींतून पोचेना. मग भाच्याने इंग्लंडहून दोन डब्या आणून दिल्या. एक त्यांच्या उशाशी, एक माझ्याजवळ, दोन्ही प्लगात. त्यांनी बटण दाबलं की घरातल्या वायरीवरूनच संदेश येतो आणि माझ्याकडे घंटा वाजते. ही युक्ती जुनीच आहे. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने ती 'एक्स-टेन' नावाने विकसित केली.

आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. या संदेशाचे हेलकावे असतात सेकंदाला सुमारे १ लाख २० हजार. मोठ्या लाटेवर बारीक तरंग बसावा, तसा तो वायरीतून जातो. पण तो असतो नाजूक.

महिनाभर घंटा छान वाजली. एका संध्याकाळी मात्र वाजलीच नाही. मी आत गेले तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "किती वेळ दाबतेय गं." मला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी मी घरातले सगळे प्लग काढले, फक्त त्या दोन डब्या ठेवल्या. बटण दहा वेळा दाबलं, दहाही वेळा घंटा वाजली. मग एकेक वस्तू लावत गेले आणि प्रत्येक वेळी दहादा दाबून पाहिलं. दोन चोर सापडले. पहिला माझाच स्वस्तातला मोबाइल चार्जर. तो वायरीत खरखर सोडतो आणि त्यात संदेश बुडतो. दुसरा टीव्हीचा एक्सटेन्शन बोर्ड. तो आवाज करत नाही, पण त्याच्या आतला कपॅसिटर संदेशच पिऊन टाकतो. एक गोंगाट करणारा, एक गिळणारा. दोघांवर इलाज एकच चालेल असं नाही.

चार्जरचा इलाज फुकटात झाला. तो बदलला. टीव्हीसाठी मात्र फिल्टर लागला. फिल्टर म्हणजे गाळणी. पण चहाची गाळणी पिठाला चालत नाही, तसंच इथंही आहे.

पहिला प्रकार, वायरीवर चिमटवायचं काळं फेराइटचं कडं. स्वस्त आणि सोपं. रेडिओची खरखर कमी करायला ते बरं, पण आपल्या १ लाख २० हजारांच्या संदेशाशी त्याची फारशी गाठ पडत नाही.

दुसरा, स्पाइक गार्ड. तो अचानक वाढलेल्या दाबापासून टीव्ही वाचवतो. गोंगाट गाळणं हे त्याचं मुख्य काम नाही.

तिसरा, दुकानात मिळणारा साधा नॉइज फिल्टर. खरखर अडवतो खरा, पण बऱ्याचदा त्याच्या तोंडाशीच कपॅसिटर असतो. म्हणजे चोर धरायला दुसरा चोर बसवला.

चौथा, अशा संदेशांसाठीच बनवलेला अडवणारा फिल्टर. त्यात वायरीच्या बाजूला कॉइल असते. ती घरची वीज जाऊ देते आणि संदेशाला मात्र उपकरणात शिरू देत नाही. महाग पडतो, पण आमच्याकडे चालला तो हाच. घेताना आपला संदेश कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आहे ते डबीवर वाचून त्याच्याशी जुळवा.

हा फिल्टर चोराच्या प्लगापाशी लावायचा, घंटेच्या डबीला नाही. डबीला लावलात तर संदेशच कोंडेल. तो किती अँपिअरचा आहे तेही पाहा. ७५० वॅटचा मिक्सर साधारण सव्वातीन अँपिअर घेतो, त्याला ५ चा पुरतो. पाण्याच्या मोटारीला मात्र सुरू होताना कितीतरी पट जास्त लागतो. तिथं वायरमनला विचारल्याशिवाय काही लावू नका. घरात थ्री फेज असेल आणि दोन डब्या वेगवेगळ्या फेजवर असतील, तर फिल्टर बदलून उपयोग नाही. दोन्ही एकाच फेजवर घ्याव्या लागतात.

आणि आर्थिंग! बऱ्याच फिल्टरांतून थोडा करंट आर्थिंगच्या वायरीत जातो. घराला आर्थिंगच नसेल, तर उपकरणाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. आधी आर्थिंग करून घ्या, मग फिल्टर आणा.

आता घंटा रोज वाजते. तरी सासूबाईंच्या उशाशी मी देवघरातली जुनी पितळी घंटाही ठेवली आहे. लाइट गेली की डब्या मुक्या होतात. तेव्हा मी पापडाचं पीठ घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसते. आजारी माणसाचा जीव एका प्लगाच्या भरवशावर ठेवायचा नसतो, मैत्रिणींनो.

आज घरी एवढं करा. रेडिओ लावून चार्जर एकदा काढा, एकदा लावा. खरखर वाढली, तर तुमच्या घरातला चोर तुम्हाला सापडला. नमस्कार.